बॅकटेस्टमध्ये ५८ टक्के, प्रत्यक्षात ४९: एनबीए स्प्रेडचं मॉडेल दर हंगामात का आपटतं

लक्षण ठरलेलं आहे. पावसाळ्यात कोणीतरी एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, आठ-दहा हंगामांचा डेटा उतरवतं, एक्सजीबूस्ट हा मशीन लर्निंगचा अल्गोरिदम लावतं आणि स्प्रेडविरुद्ध, म्हणजे पैजांच्या बाजाराने आधीच लावलेल्या गुणफरकाविरुद्ध, ५७-५८ टक्के अचूकता बघून हरखून जातं. ऑक्टोबरच्या शेवटी हंगाम सुरू होतो. नाताळ येईपर्यंत तोच आकडा ४९-५० वर आलेला असतो. मग ‘यंदा दुखापतीच फार’, ‘मॉडेलला अजून डेटा हवा’ अशी कारणं निघतात, दोन-चार नवी फीचर्स (मॉडेलला पुरवायचे माहितीचे कॉलम) टाकली जातात, बॅकटेस्ट (जुन्या सामन्यांवरची चाचणी) ५९ वर चढतो आणि फेब्रुवारीत पुन्हा तीच रडकथा.

निदान आधीच सांगतो. अल्गोरिदम बदलून हे सुटत नाही, कारण दोष बहुतेक वेळा टेबलात असतो. सामना सुरू होण्याआधी जगात कोणाकडेच नसलेली माहिती त्या टेबलात कुठून तरी शिरलेली असते. यालाच गळती म्हणतात. ती कुठून शिरते त्या जागा ठरावीक आहेत, आणि बऱ्याचशा पाच-दहा मिनिटांत तपासता येतात. म्हणून स्वस्त तपासण्या आधी, वेळखाऊ नंतर.

त्याआधी एक. भारतात बसून यावर पैसे लावायचा विचार असेल तर तो सोडा. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत, आणि आपल्याकडे जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहेच. अमेरिकेत मे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने जुनी केंद्रीय बंदी रद्द केल्यावर एकेका राज्यात हा धंदा कायदेशीर झाला. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाचा प्रश्न त्यामुळे वेगळा. मला यात रस आहे तो अंदाज बांधण्याची विद्या शिकण्यापुरता. त्यासाठी याहून निर्दय परीक्षा सापडणं कठीण: रोज रात्री पेपर, सकाळी निकाल आणि पहिला नंबर नेहमी बाजाराचा.

आकडे कुठे असायला हवेत

यजमान संघाची लाईन, म्हणजेच स्प्रेड, -४.५ असेल तर बाजाराच्या मते तो साडेचार गुणांनी जिंकेल; त्याच्यावरची पैज जिंकायची तर त्याने त्याहून जास्त फरकाने जिंकायला हवं. अमेरिकेतला नेहमीचा भाव -११०, म्हणजे १०० मिळवायला ११० लावायचे. ११० भागिले २१० केलं की ५२.३८ टक्के येतात, म्हणजे निदान इतक्या पैजा बरोबर याव्या लागतात. त्याच्या खाली सगळा तोटा.

आता बाजार किती चुकतो ते बघू. सामना सुरू होताना जी शेवटची लाईन असते, तिच्यात आणि प्रत्यक्ष गुणफरकात जे अंतर पडतं त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन (विखुरण्याचं माप) साधारण १२ गुण असतं. म्हणजे सरासरी चूक साडेनऊच्या आसपास. गुणफरकाच्या एकूण चढउतारातला पाव भाग जेमतेम लाईनला सांगता येतो. बाकी सगळं त्या रात्रीचं: कोपऱ्यातून मारलेले तीन गुणांचे शॉट पडले की नाही, पहिल्याच पाच मिनिटांत सेंटरवर दोन फाऊल लागले का, वगैरे.

तुमच्या मॉडेलची सरासरी चूक या साडेनऊशेजारी ठेवा. ती ९ च्या खाली असेल किंवा गुणफरकावरचा आर-स्क्वेअर (चढउताराचा मॉडेलला सांगता आलेला भाग) ०.३५-०.४० येत असेल, तर बाकी काही न बघता गळती आहे असं धरून चाला. दुखापती, अफवा, विमानप्रवास, मोठ्या ग्राहकांचे पैसे हे सगळं पचवून बनलेली लाईन जिथे अडते, तिथे फुकटच्या बॉक्स-स्कोअरवर (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यावर) शिकलेलं मॉडेल पुढे जाईल ही शक्यता फारच बारीक आहे.

इथे एक गल्लत सर्रास होते. लाईनचा अंदाज बांधणं आणि लाईनला हरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही संघांचं रेटिंग, यजमानपद आणि विश्रांतीचे दिवस एवढ्यावरसुद्धा लाईनच्या बरंच जवळ जाता येतं, आलेख सुंदर दिसतो आणि माणसाला वाटतं मॉडेल जमलं. ते जमलेलं असतं ते बाजाराची नक्कल करण्यात. निकालाबद्दल बाजाराहून जास्त त्याला काही कळतं का, हा प्रश्न अजून विचारलेलाच नसतो.

एक गणित हाताशी ठेवा. १२ च्या स्टँडर्ड डेव्हिएशनवर ५२.३८ टक्के गाठायचे तर लाईनपेक्षा खरोखर ०.७ गुण सरस असावं लागतं. तेही प्रत्येक पैजेत, सरासरीने. वाचायला हे किरकोळ वाटतं. करून बघितल्यावर वाटत नाही.

पहिला संशयित: हंगामाची सरासरी

नवशिक्यांच्या बहुतेक टेबलांत हा सापडतोच. कुठल्यातरी साईटवरून २०२२-२३ च्या हंगामाचं प्रत्येक संघाचं नेट रेटिंग (१०० चढायांमागे मिळवलेले आणि दिलेले गुण यांतला फरक) घेतलं आणि त्याच हंगामातल्या सामन्यांना जोडलं. म्हणजे नोव्हेंबरमधल्या सामन्याला एप्रिलपर्यंतचा सगळा निकाल आधीच माहीत! त्या सामन्याचा स्वतःचा निकालही त्या सरासरीत बसलेला असतो. डीन ऑलिव्हरचे चार घटक, म्हणजे नेमबाजीची परिणामकारक टक्केवारी, चेंडू गमावण्याचं प्रमाण, आक्रमक रिबाउंड आणि फ्री थ्रोचं प्रमाण, हेही असेच अख्ख्या हंगामाचे जोडले जातात. घटक उत्तम, जोडणी चुकीची.

‘मी तर मागच्या दहा सामन्यांची फिरती सरासरी घेतो’ असं म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पँडाजमध्ये (पायथनमधल्या डेटा हाताळायच्या लायब्ररीत) फिरती सरासरी काढताना ती चालू ओळसुद्धा मोजते. आधी एक ओळ खाली सरकवायची, मग सरासरी काढायची. तीही संघानुसार गट पाडून, नाहीतर बोस्टनच्या पहिल्या सामन्यात अटलांटाचे शेवटचे सामने मिसळतात. तपासायचं असेल तर कुठलाही एक संघ घ्या, त्याच्या हंगामातल्या पाचव्या सामन्याचं फीचर कागदावर हाताने काढा आणि जुळतं का बघा. दशांशापर्यंत जुळलं पाहिजे.

याचीच आणखी एक जात म्हणजे दुहेरी ओळी. बॉक्स-स्कोअरच्या टेबलात प्रत्येक सामना दोनदा येतो, एकदा यजमानाच्या नजरेतून, एकदा पाहुण्याच्या. ट्रेन आणि टेस्टची (शिकवायच्या आणि तपासायच्या डेटाची) विभागणी रँडम केली की एकाच सामन्याची एक ओळ इकडे पडते, दुसरी तिकडे. एक्सजीबूस्टसारखी निर्णय-झाडांवर (डिसिजन ट्री) चालणारी मॉडेल हे हेरण्यात पटाईत असतात. उपाय: एक सामना, एक ओळ, आणि विभागणी फक्त काळानुसार. २०१८-१९ पर्यंत शिकवा, पुढच्या हंगामावर तपासा, मग तो हंगाम शिकवणीत टाकून त्याच्या पुढचा तपासा. अर्ली स्टॉपिंग (सुधारणा थांबली की शिकवणी थांबवणं) टेस्टच्या हंगामावर लावलं असेल तर तो हंगाम टेस्ट राहिलेला नाही, हेही लक्षात असू द्या.

खेळलं कोण, आणि ते कळलं कधी

इथे जरा थांबू, कारण वरचं सगळं दुरुस्त करूनसुद्धा ५५ टक्क्यांवर अडकलेली मॉडेल बहुतेक इथेच सडलेली असतात.

बास्केटबॉलमध्ये पाचच जण मैदानात असतात आणि मोठा खेळाडू ४८ पैकी ३५-३६ मिनिटं खेळतो. त्यामुळे निकोला योकिचसारखा एकटा बसला तरी लाईन पाच-सहा गुण सहज हलते. साहजिकच सगळे ‘उपलब्ध खेळाडूंची ताकद’ असं काहीतरी फीचर बनवतात. ते बनवतात कशावरून? बॉक्स-स्कोअरवरून. आणि बॉक्स-स्कोअर सामना संपल्यावर तयार होतो.

यात दोन प्रकारची चोरी आहे. उघड चोरी अशी: खेळाडू ‘क्वेश्चनेबल’ (खेळेल की नाही अनिश्चित) होता, शेवटी खेळला नाही, आणि तुमच्या मॉडेलला हे सकाळीच ठाऊक होतं. छुपी चोरी जास्त विषारी. पहिल्या क्वार्टरमध्ये कोणाचा घोटा मुरगळला, तो सहा मिनिटं खेळून बाहेर गेला. प्रत्यक्ष मिनिटांवर भारांकन केलेलं फीचर सांगतं की आज संघ कमकुवत उतरला. संघ हरतो, मॉडेल बरोबर ठरतं. प्रत्यक्षात टिप-ऑफच्या, म्हणजे सामना सुरू होण्याच्या, क्षणी तो खेळाडू ठणठणीत होता. तसंच एकतर्फी सामन्यांचं: वीस गुणांची आघाडी असली की चौथ्या क्वार्टरला मुख्य खेळाडू बाकावर बसतात, म्हणजे मिनिटांच्या कॉलममध्येच निकाल लिहिलेला असतो.

लीगचा अधिकृत इंजुरी रिपोर्ट हा याला उतारा आहे, पण तोही वेळेसकट साठवला तरच. बरीच वर्षं नियम असा होता की संघांनी आदल्या दिवशी स्थानिक वेळेप्रमाणे संध्याकाळी ५ पर्यंत खेळाडूंची स्थिती कळवायची. लागोपाठ दोन रात्रींतला दुसरा सामना असेल तर त्याच दिवशी दुपारी १ पर्यंत. त्यानंतर तो दिवसभर बदलत राहतो. तुमच्याकडे फक्त शेवटची आवृत्ती असेल तर तिची तुलना फक्त शेवटच्या लाईनशी करा. सकाळच्या लाईनशी ती लावली की मॉडेलला सात-आठ तास पुढचं दिसतं, आणि तेवढ्यावर ५६ टक्के आरामात निघतात.

नियम म्हणून सांगायचं तर फीचर आणि लाईन एकाच घड्याळावर हव्यात. सकाळी ११ ला जे माहीत होतं ते सकाळी ११ च्या लाईनसमोर. म्हणून टेबलात प्रत्येक आकड्याशेजारी ‘कधी कळलं’ असा एक कॉलम हवा. कंटाळवाणं काम आहे. पण हा कॉलम भरताना जिथे तुमचा हात अडतो, तिथेच गळती असते.

काही गोष्टी मात्र कुठल्याच कॉलममध्ये मावत नाहीत. २९ नोव्हेंबर २०१२ ला सॅन अँटोनियोच्या प्रशिक्षकाने, ग्रेग पोपोविचने, मायामीतल्या सामन्याआधी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन यांना सरळ विमानाने घरी पाठवलं. लीगने सॅन अँटोनियोला अडीच लाख डॉलरचा दंड केला. उरलेल्या पोरांनी मायामीला शेवटपर्यंत झुंजवलं आणि सामना १०५-१०० असा फक्त पाच गुणांनी गेला. ‘चार मोठे खेळाडू नाहीत’ एवढी खबर अचूक मिळूनही त्या रात्री अंदाज चुकला असता.

तारखांचा घोळ

भारतात बसून काम करणाऱ्यांचा हा खास आजार. न्यूयॉर्कला संध्याकाळी साडेसातचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५ ला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की ६ ला. लॉस एंजेलिसचा साडेसातचा सामना हिवाळ्यात आपल्या सकाळी ९ ला. आता विश्रांतीचे दिवस मोजताना तारीख कुठली धरलीत?

यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरली तर मजा बघा. ऑक्टोबरात न्यूयॉर्कचे साडेसात म्हणजे यूटीसी २३:३०, तीच तारीख. नोव्हेंबरात तोच सामना यूटीसी ००:३०, पुढची तारीख. घड्याळं बदलण्याआधीच्या शनिवारी रात्री खेळून सोमवारी रात्री पुन्हा खेळणाऱ्या संघाला तुमचं टेबल दोनऐवजी तीन दिवस देतं. शुक्रवारी रात्री साडेसात आणि शनिवारी संध्याकाळी ५ असे लागोपाठ सामने खेळणाऱ्याचे दोन्ही सामने यूटीसीत शनिवारीच पडतात. भारतीय वेळ धरली तर दुपारचे सामने घोळ घालतात: रविवारी रात्री साडेसातला खेळून सोमवारी, मार्टिन ल्यूथर किंग दिनाला, दुपारी १ ला उतरलेला संघ आपल्या घड्याळाप्रमाणे सोमवारी सकाळी एकदा आणि रात्री साडेअकराला दुसऱ्यांदा खेळतो.

तपासणी एका ओळीची. कुठल्याही संघाच्या सलग दोन सामन्यांत शून्य दिवसांचं अंतर आहे का ते शोधा. एक जरी सापडला तरी टाइमझोन चुकलाय. तारीख नेहमी अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेनुसारच धरा. विश्रांतीचं फीचर आधीच नाजूक असतं, त्याचा परिणाम गुणाच्या आसपासचा. त्यात दहा टक्के ओळी चुकीच्या असतील तर मॉडेल त्यातून काहीच शिकत नाही किंवा भलतंच शिकतं.

मोजदाद

डेटा उतरवल्यावर पहिलं काम सामने मोजण्याचं, आणि ते जवळजवळ कोणी करत नाही. ३० संघ, प्रत्येकी ८२ सामने, म्हणजे हंगामाला १,२३०. अपवाद पाठ असू द्या: २०११-१२ मध्ये लॉकआउटमुळे प्रत्येकी ६६, म्हणजे ९९०. २०१२-१३ मध्ये १,२२९, कारण बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर सेल्टिक्स आणि पेसर्सचा सामना रद्द झाला तो पुन्हा झालाच नाही. २०१९-२० मध्ये १,०५९. ११ मार्च २०२० ला लीग थांबली आणि उरलेले ८८ साखळी सामने ऑरलँडोतल्या एका बंदिस्त संकुलात, ‘बबल’मध्ये, झाले. २०२०-२१ मध्ये प्रत्येकी ७२, म्हणजे १,०८०.

आकडा कमी आला तर नावं जुळलेली नाहीत. एक साईट ब्रुकलिनला बीआरके लिहिते, दुसरी बीकेएन. फिनिक्स कुठे पीएचओ, कुठे पीएचएक्स. शार्लटचं कुठे सीएचओ, कुठे सीएचए. जोडणीत हे तीन संघ गुपचूप गळतात, एरर येत नाही. हॉर्नेट्स तर सापळाच आहे: २०१२-१३ पर्यंत हे नाव न्यू ऑर्लिन्सकडे होतं, २०१४-१५ पासून शार्लटकडे. फक्त टोपणनावावर जोडणी केली की दोन शहरांचा इतिहास एका संघाच्या नावावर चढतो.

आकडा जास्त आला तर सराव सामने शिरलेत. लीगच्या दहा अंकी सामना क्रमांकात पहिले तीन अंक प्रकार सांगतात: ००१ सराव, ००२ साखळी, ००४ प्लेऑफ. पण सीएसव्ही उघडताना क्रमांक संख्या म्हणून वाचला गेला की पुढची शून्यं उडतात आणि ही ओळखच जाते, म्हणून तो कॉलम मजकूर म्हणून वाचा. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्स आणि पेसर्स खेळले, भारतातले पहिले एनबीए सामने. आपल्याला कितीही कौतुक असलं तरी मॉडेलच्या दृष्टीने तो कचरा, कारण सरावात प्रशिक्षक जिंकायला खेळतच नाहीत.

आणि ‘यजमान’ या कॉलमवर आंधळा विश्वास नको. बबलमध्ये कोणीच यजमान नव्हतं. २०२०-२१ मध्ये टोरांटोने ‘घरचे’ सामने फ्लोरिडात टँपाला खेळले, तेही रिकाम्या किंवा अर्ध्यामुर्ध्या स्टँडसमोर. २०२३ पासूनच्या इन-सीझन स्पर्धेत लास व्हेगासला झालेली उपांत्य फेरी साखळीत धरतात, अंतिम सामना धरत नाहीत. पूर्वी यजमानपदाचे सरसकट तीन गुण धरायचे. अलीकडच्या हंगामांत ते दोन-अडीचवर आलेत. डेन्व्हरला, १,६०० मीटर उंचीवर, ते अजूनही जास्त आहेत.

लाईनच्या फाईलमधली घाण

फुकट मिळणाऱ्या जुन्या लाईनच्या फाईली हाताने टंकलेल्या असल्यासारख्या असतात. स्प्रेडच्या जागी एकूण गुणांची लाईन पडलेली, साडेचारचा अर्धा गायब, बरोबरीच्या सामन्याला शून्याऐवजी ‘पीके’ लिहिलेलं आणि वाचताना ते रिकामं झालेलं. लाईन सुरुवातीची की शेवटची, कुठल्या स्पोर्ट्सबुकची (पैजा घेणाऱ्या कंपनीची), याचा पत्ता नसतो. चिन्हाचाही गोंधळ असतो: काही ठिकाणी यजमानाची लाईन, काही ठिकाणी फेव्हरिटची. यजमानाच्या गुणफरकात यजमानाची लाईन मिळवा. उत्तर धन असेल तर यजमानाने स्प्रेड कव्हर केला, म्हणजे त्याच्यावरची पैज जिंकली; शून्य असेल तर पुश, म्हणजे पैसे परत. पुशला विजय मोजणारे बॅकटेस्ट मी बरेच बघितलेत. सगळ्या सामन्यांवर यजमानाने कव्हर करण्याचं प्रमाण ५० च्या जवळ आलं पाहिजे. ५६ किंवा ४३ आलं तर मॉडेलकडे वळूच नका, चिन्हं बघा.

सगळं स्वच्छ केलं, तरी ५४ टक्के येतात?

मग किती सामन्यांवर, हे विचारा. २०० पैजांवर स्टँडर्ड एरर (निव्वळ योगायोगाने पडणारा फरक) साडेतीन टक्के असते. ५५ टक्के आले काय आणि ५१ आले काय, काही सिद्ध होत नाही. खरी ताकद ५४ टक्के असलेलं मॉडेल ५२.३८ च्या वर आहे असं दोन स्टँडर्ड एररच्या भरवशाने म्हणायला जवळपास ३,८०० पैजा लागतात. हंगामातल्या प्रत्येक सामन्यावर पैज धरली तरी तीन हंगाम पुरत नाहीत.

आणि चाळण्या किती लावल्या तेही प्रामाणिकपणे मोजा. ‘लागोपाठच्या रात्री खेळणारा पाहुणा, अंडरडॉग, लाईन सातच्या वर, फक्त मंगळवार’ असल्या वीस चाळण्या लावून बघितल्या, तर काहीही नसताना त्यातली किमान एक पाच टक्क्यांच्या कसोटीवर पास होण्याची शक्यता ६४ टक्के आहे. मंगळवारची ती चाळणी बहुधा अशीच पास झालेली असते.

यापेक्षा चांगली कसोटी म्हणजे एक साधं रिग्रेशन. डाव्या बाजूला गुणफरक वजा लाईनने सांगितलेला फरक. उजव्या बाजूला मॉडेलचा अंदाज वजा तोच लाईनचा फरक. जो गुणक येईल तो सांगतो की मॉडेल बाजाराशी असहमत असतं तेव्हा त्याचं किती ऐकायचं. १ आला तर मॉडेल देव आहे, म्हणजेच गळती आहे. शून्य आला तर मॉडेलला बाजारापेक्षा जास्त काहीही माहीत नाही. गळती काढलेल्या मॉडेलांत तो शून्याजवळच घुटमळतो, ०.१५ आला तरी चांगलं म्हणायचं.

०.१५ चा अर्थ लावून बघा. मॉडेल आणि लाईन यांत ३ गुणांचं अंतर असेल तर खरी आघाडी ०.४५ गुणांची, वर काढलेल्या ०.७ ला ती पुरत नाही. किमान ५ गुणांचं अंतर हवं. आणि मॉडेल बाजारापासून ५ गुण दूर जातं तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी मोठा खेळाडू बसलेला असतो आणि ते फक्त तुम्हाला कळलेलं नसतं. त्यामुळे सर्वांत आकर्षक दिसणाऱ्या पैजाच सर्वांत आधी संशयाने बघाव्या लागतात. अशा सामन्यांची यादी काढून दर आठवड्याला बातम्यांशी ताडून बघा, मॉडेलच्या आंधळ्या जागा भराभर सापडतात.

खेळच बदलला तर

गळती नसतानाही मॉडेल शिळं होतं. २०१२-१३ मध्ये एक संघ सामन्याला साधारण २० तीन गुणांचे शॉट घ्यायचा, २०२४-२५ मध्ये ३७ च्या वर. पझेशन (सामन्यात एका संघाच्या ताब्यात चेंडू येण्याच्या खेपा) ९२ च्या आसपास होते ते ९९-१०० झाले. कच्चे गुण फीचर म्हणून टाकले तर मॉडेलला जुना प्रत्येक संघ दुबळा वाटतो. १०० पझेशनमागचे गुण घ्या आणि त्या तारखेपर्यंतच्या लीगच्या सरासरीपासूनचं अंतर घ्या. पझेशन मोजायचं नेहमीचं सूत्र पुरेसं आहे: फील्ड गोलचे प्रयत्न, उणे आक्रमक रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रोचे प्रयत्न. ओव्हरटाइमचे गुणही त्यामुळे आपोआप जागेवर येतात.

हंगामाच्या आतही उलथापालथ होते. २०२४ च्या ऑल-स्टार विश्रांतीनंतर फाऊलच्या शिट्ट्या कमी झाल्या आणि एकूण गुण घसरले. जानेवारीपर्यंतच्या सरासरीवर चालणारी एकूण गुणांची मॉडेल तेव्हा वरच्या बाजूला चुकत राहिली. फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला लुका डॉनचिच डॅलसमधून लेकर्सकडे गेला. दहा सामन्यांच्या फिरत्या सरासरीत ते दोन्ही संघ पुढचे तीन आठवडे कागदावरचेच संघ होते. एप्रिलचा तर भरवसाच नको: ७ एप्रिल २०२३ ला प्ले-इनची (प्लेऑफआधीच्या पात्रता सामन्यांची) आशा शिल्लक असताना डॅलसने शिकागोविरुद्ध मुख्य खेळाडू बसवले आणि लीगने साडेसात लाख डॉलर दंड लावला. शेवटचे दोन आठवडे बॅकटेस्टमधून वेगळे काढून बघा, नफ्याचा मोठा तुकडा तिथूनच येत असेल तर तो पुढच्या वर्षी येणार नाही.

गुणक शून्यालाच चिकटून राहिला तर स्प्रेडला हरवायचा नाद सोडून लक्ष्य बदलून बघावं: सकाळची लाईन रात्रीपर्यंत कुठल्या दिशेला आणि किती सरकेल? ही हालचाल एक-दीड गुणाची असते, म्हणजे १२ गुणांचा गोंगाट मधून निघून जातो आणि मॉडेलला काही कळतं की नाही हे दोन-तीनशे सामन्यांतच दिसायला लागतं. त्यासाठी वेळेसकट साठवलेल्या लाईन मात्र लागतील, आणि जुन्या वर्षांच्या तशा लाईन फुकट मिळत नाहीत. हंगामाच्या पहिल्या रात्रीपासून स्वतःच साठवायला लागा: आपल्या रात्री ९ ला एकदा, मध्यरात्री एकदा आणि प्रत्येक सामन्याच्या टिप-ऑफआधी पाच मिनिटं. लहानशी क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) पुरते. तिचं घड्याळ तेवढं न्यूयॉर्कच्या वेळेवर लावा.